सहा मोठे का एक मोठा?

मागच्या खेपेला पॅरिसचं ऑलिम्पिक संपलं, म्हणजे २०२४ चा ऑगस्ट, तेव्हाची गोष्ट. पावसाची झड लागलेली, सोयाबीनमध्ये पाय ठेवता येत नव्हता, त्यामुळं अर्धं गाव स्टँडवरच्या पानठेल्यावर. ठेलेवाला पन्नीत सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटत होता अन् मी मोबाईलवर मेडलचा तक्ता वर-खाली करत बसलो होतो. आमच्या गल्लीतले एक काकाजी आहेत, सत्तरीच्या वरचे, त्यांनी मान वाकडी करून पाहिलं अन् विचारलं, "आपला कितवा नंबर, सर?"

म्हटलं, एकाहत्तरावा.

"आन पाकिस्तानचा?"

बासष्टावा.

"त्याईले मेडल किती भेटले?"

एक.

"आन आपल्याले?"

सहा.

काकाजींनी ठेलेवाल्याकडं पाहिलं, ठेलेवाल्यानं माझ्याकडं पाहिलं, अन् खर्रा घोटणं थांबलं. खर्रा घोटणं मधात थांबणं ही आमच्याकडे साधी गोष्ट नाही. "सहा मोठे का एक मोठा, हे पैले सांगा मले. पोट्ट्यायले गणित शिकवता ना तुमी?"

आता आली का पंचाईत. मी समजावायला लागलो की हे बेरजेचं गणितच नाही, हे डिक्शनरीसारखं आहे, आधी पहिलं अक्षर पाहायचं, ते सारखं निघालं तरच दुसरं, तसं आधी फक्त सुवर्ण मोजायचे, तिथं बरोबरी झाली तर रौप्य, मग कांस्य. पाकिस्तानच्या अर्शद नदीमचं भालाफेकीत सुवर्ण होतं, आपलं एक रौप्य अन् पाच कांस्य, पाचाचे पन्नास असते तरी आपण त्याच्या खालीच राहिलो असतो. काकाजींना डिक्शनरी काही पटली नाही. मग मी पोळ्यावर आलो. म्हटलं, काकाजी, तोरणाखाली कोण उभं राहते? बैलजोडी. ज्याच्या कोठ्यात पन्नास बकऱ्या आहेत पण जोडी नाही, त्याले कोणी म्हणते का ये बाप्पा तू पुढं?

"नाही म्हणत," काकाजी म्हणाले, "पन लग्नाच्या टायमाले पैसे त्याच्याच घरून आनतेत."

यावर काय बोलणार.

अन् खरं सांगायचं तर मलाही हा तक्ता कधी पूर्ण पटलेला नाही. टोकियोला आपले ७ मेडल होते, पॅरिसला ६, फरक एकाचा, पण तिकडं आपण अठ्ठेचाळिसावे अन् इकडं एकाहत्तरावे, म्हणजे तेवीस घरं खाली, कारण त्या सातात नीरजचं सुवर्ण होतं. पॅरिसला नीरजचा भाला ८९.४५ मीटर गेला, अर्शद नदीमचा ९२.९७. साडेतीन मीटर म्हणजे किती, तर ह्या ठेल्यापासून समोरच्या हापशीपर्यंत. हापशीवर माणूस पाणी भरत असला तर ठेल्यावरून त्याला तंबाखू मागता येते एवढं. तेवढं अंतर उलटं झालं असतं तर अख्खा देश नऊ-दहा घरं तरी वर सरकला असता. अन् कुस्तीवाल्या विनेशचं तर वजन १०० ग्रॅम जास्त भरल्याचं प्रकरण. आमच्या कापसाच्या काट्यावर व्यापारी क्विंटलमागं किलो-दीड किलो असाच खाऊन जातो अन् कोणी हूं का चूं करत नाही, अन् तिकडं १०० ग्रॅमसाठी फायनलला पोचलेली पोरगी मेडलशिवाय घरी आली. काकाजी त्या दिवशी जेवले नव्हते म्हणे, काकीनंच सांगितलं.

बरं, ऑलिम्पिकच्या चार्टरमध्येच लिहिलंय की स्पर्धा खेळाडूंच्या आहेत, देशांच्या नाहीत. पण ऐकतो कोण. अमेरिकेतले पेपरवाले तर एकूण बेरजेनं तक्ता लावतात, बीजिंगला २००८ मध्ये सुवर्ण चीनचे जास्त होते तरी त्यांच्याकडं अमेरिकाच वर. पॅरिसला दोघांचेही ४० सुवर्ण, मग रौप्य पाहिले, अमेरिकेचे ४४ अन् चीनचे २७, झाला निकाल. अन् डॉमिनिका नावाचा देश आहे, सत्तर-बहात्तर हजार वस्ती, आमच्या तालुक्यात त्याहून जास्त लोक आहेत, तिथल्या थिया लाफॉन्डनं तिहेरी उडीत सुवर्ण काढलं अन् सव्वाशे-दीडशे कोटींच्या भारताच्या वर बसवलं आपल्या एवढ्याशा देशाला. हे मात्र आवडलं आपल्याला.

तक्त्यात मावत नाही ते वेगळंच. हॉकीवाल्या सगळ्या पोरांच्या गळ्यात मेडल, तक्त्यात एकच आकडा. आपला नागपूरचा तिरंदाज ओजस देवतळे, २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत एकट्यानं तीन सुवर्णांत हात घातला, त्या वेळी भारत १०७ मेडल घेऊन चौथा, पण त्याचा कंपाउंड धनुष्याचा प्रकार पॅरिसच्या ऑलिम्पिकमध्ये नव्हताच, आता २०२८ ला मिक्स टीमपुरता येणार आहे. अन् अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे लोक १९३६ मध्ये बर्लिनला जाऊन आपले देशी खेळ दाखवून आले होते, त्याचा तर कोणता रकानाच नाही.

हे सगळं मी काकाजींना सांगितलं. त्यांनी खर्रा तोंडात टाकला, पन्नीची घडी केली अन् म्हणाले, तुमच्या शाळेच्या खेळात कसे नंबर लावता? म्हटलं, पहिल्याले पाच गुण, दुसऱ्याले तीन, तिसऱ्याले एक. "मंग मोजा ना! तीन आन पाच, आठ. त्याईचे पाच. झालं का नाही?" अन् उठून गेले. ठेलेवाल्यानं खर्ऱ्याच्या उधारीच्या पुठ्ठ्यावर ८ अन् ५ लिहून ठेवलं, ते बरेच दिवस तसंच लटकत होतं, नवीन माणसाला वाटायचं कोणाची तरी उधारी आहे.

मग आला पोळा अन् दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, म्हणजे पोट्ट्यांचा लाकडी नंदीचा पोळा, अन् नंदीचे नंबर काढायला दरवर्षीप्रमाणं मी. हे काम कोणाच्या दुश्मनालाही लागू नये. चाळीस-पन्नास पोट्टे, कोणाचा नंदी नागपूरहून आणलेला, लायटिंगवाला, कोणाचा आजाच्या वेळचा, एक शिंग खिळा ठोकून बसवलेलं. मी तीन नंबर काढले, स्टीलचा डबा, टिफिन अन् कंपास पेटी. तिसऱ्या नंबरवाला पोट्टा कंपास घेऊन जागचा हलेचना. तो पाचवीतला, मागच्या वर्षी तिसरा, त्याच्या मागच्या वर्षीही तिसरा, घरी दोन कंपास पडून.

"सर," तो म्हणाला, "तीन तिसरे मिळून एक पयला होते का?"

मी नाही म्हणायला तोंड उघडलं होतं, तेवढ्यात मागून खर्ऱ्यानं भरल्या तोंडाचा आवाज आला, "होते ना बाप्पा, काहून नाही होत! सर, मोजा!"