लाल कोटातला वाटसरू

डब्लिनमधल्या माझ्या पहिल्या हिवाळ्यात दुपारी साडेचारलाच दिवे लावावे लागायचे. ऑफिसातून थेट खोलीवर गेलं की संध्याकाळ अंगावर यायची. मेरियन स्क्वेअरची नॅशनल गॅलरी गुरुवारी रात्री साडेआठपर्यंत उघडी असते, तिथल्या कायमच्या संग्रहाला तिकीट नसतं आणि आत छान ऊब असते. म्हणून दर गुरुवारी तिकडे जायला लागले.

अशाच एका गुरुवारी 'द पोचर्स' या चित्रापुढे पाय थांबले. 1835 सालचं, आकाराने बेताचं चित्र. रात्र आहे, चंद्र वर आलाय, ढगांच्या कडा उजळल्यात आणि त्या उजेडासमोर चोरून शिकार करणारी तीन माणसं काळसर उभी आहेत. आता काय होणार, हे चित्र सांगत नाही. मी गॅलरी बंद होण्याची सूचना ऐकू येईपर्यंत तिथेच होते. खाली नाव होतं जेम्स आर्थर ओकॉनर. घरी येऊन त्याच्याबद्दल वाचायला लागले ते आजवर वाचतेच आहे.

ओकॉनर 1792 साली डब्लिनमध्येच जन्मला. वडील खोदचित्रं करायचे आणि चित्रांच्या छापील प्रती विकायचे. चित्रकला तो बहुतेक स्वतःच्या जोरावर शिकला. त्या काळचं डब्लिन मात्र चित्रकाराला पोसणारं शहर राहिलं नव्हतं. 1800 साली झालेल्या कायद्याने आयर्लंडची स्वतंत्र संसद गेली, सत्ता लंडनला गेली आणि तिच्यामागोमाग सरदार-जमीनदारांचे पैसेही गेले. चित्र विकत घेणारा माणूसच गावात उरला नाही तर चित्रकाराने करायचं काय? इथल्या चित्रकारांच्या अकादमीला सनदसुद्धा मिळाली ती थेट 1823 मध्ये.

तेव्हा 1813 च्या उन्हाळ्यात तीन तरुण मित्र लंडनला निघाले. ओकॉनर, फ्रान्सिस डॅन्बी आणि जॉर्ज पेट्री. तिघंही विशीतले. डॅन्बी तर निसर्गचित्रण ओकॉनरकडूनच शिकलेला. लंडन डोळे भरून पाहिलं, पण पैसे भराभर संपले. पेट्री आधीच घरी परतला. उरलेले दोघं परतीची बोट पकडायला ब्रिस्टलला पोचले, तेव्हा रात्रीच्या मुक्कामाचेही पैसे खिशात नव्हते. डॅन्बीने तिथल्या एका दुकानदाराला आपली चित्रं थोड्याशा शिलिंगांना विकली. मग आणखी काम मिळालं. डॅन्बीने ब्रिस्टललाच राहायचं ठरवलं आणि मित्राच्या हातात डब्लिनच्या प्रवासाचे पैसे ठेवले. ओकॉनरला परतावंच लागणार होतं. घरी आईवडिलांविना राहिलेल्या बहिणी होत्या.

हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. मी इथे आले तेव्हा घराची अनामत भरायला माझ्याकडे पैसे पुरत नव्हते. कॉलेजातली एक सांगलीची मैत्रीण तेव्हा आयर्लंडमधल्याच कॉर्क शहरात नोकरी करत होती. तिने न विचारता माझ्या खात्यात पैसे भरले आणि मेसेज केला, "सावकाश दे गं." परदेशात आलेल्या प्रत्येकाच्या गोष्टीत असा एक डॅन्बी असतो, आणि त्याचं नाव आपण पुरेसं घेत नाही असं मला मनापासून वाटतं.

पुढे तिघांच्या वाटा अगदी वेगळ्या झाल्या. डॅन्बी इंग्लंडमध्ये गाजला. 1829 मध्ये रॉयल अकादमी या लंडनच्या मानाच्या कलासंस्थेच्या सदस्यत्वासाठी झालेल्या निवडणुकीत नामवंत इंग्लिश निसर्गचित्रकार कॉन्स्टेबलपुढे तो एका मताने हरला, यावरून त्याची उंची कळावी. पेट्री आयर्लंडभर हिंडला, जुन्या गोल मनोऱ्यांचा अभ्यास केला, खेड्यापाड्यांतल्या लोकगीतांच्या शेकडो चाली टिपून ठेवल्या. आयरिश पुरातत्त्वाचा पाया घालणाऱ्यांत त्याचं नाव आदराने घेतात. बहिणींसाठी परतलेल्या ओकॉनरच्या वाट्याला काय आलं?

1818-19 च्या सुमारास त्याला पश्चिमेकडची कामं मिळाली. मेयो परगण्यातल्या वेस्टपोर्टचे मार्क्विस ऑफ स्लायगो आणि पोर्टुम्नाचे लॉर्ड क्लॅनरिकार्ड यांच्या इस्टेटी, बॅलिनरोबचा बंगला, तिथली गिरणी. या चित्रांत सगळं नीटनेटकं दिसतं. राखलेली हिरवळ, शांत पाणी, मापात वाढवलेली झाडं. मालकाला आपली मालमत्ता जशी पाहायला आवडते तशी. मला ही चित्रं पाहताना एक गोष्ट फार खुपते. 1841 च्या जनगणनेत आयर्लंडची लोकसंख्या 81 लाखांवर होती. चार वर्षांत बटाट्यावर रोग आला, दुष्काळ पडला, माणसं मेली आणि बोटींत बसून गेली. संपूर्ण बेटाची लोकसंख्या आजही त्या आकड्याला पोचलेली नाही. त्यातली लाखो माणसं पश्चिमेच्या याच मुलखात झोपड्यांत दाटीवाटीने राहत होती. इस्टेटीच्या चित्रांत ती क्वचितच दिसतात.

पण ओकॉनरच्या चित्रांत एक माणूस वारंवार येतो. बोटाच्या पेराहूनही लहान, लाल कोट किंवा बंडी घातलेला, रस्त्याने एकटाच चाललेला. भोवती डोंगर, दरी, ओढा आणि मधे तो लाल ठिपका. रंगसंगतीच्या दृष्टीने बघाल तर एवढ्या हिरव्या-तपकिरीत डोळ्याला थांबायला जागा हवी, म्हणून तो असेल. मला तो वाटसरू पुन्हा पुन्हा ओकॉनरच वाटतो.

कारण 1822 मध्ये तो परत लंडनला गेला आणि तिथेच राहिला. रॉयल अकादमीच्या प्रदर्शनांत चित्रं लागली, तरी हातात फारसं पडलं नाही. 1826 मध्ये ब्रसेल्सला गेला. काम चाललं, पण तिथे कुणीतरी पैशाला फसवलं. 1832 मध्ये पॅरिस, मग जर्मनीतला सार आणि मोझेल नद्यांचा प्रदेश. याच वर्षांत त्याची चित्रं बदलली. 1832 चं वादळाचं चित्र पाहा: झाडं वाकलेली, पाणी फुगलेलं आणि गाडीवान भेदरून थबकलेला. राखलेली हिरवळ नाही, मालक नाही, मापातलं काहीच नाही. इस्टेटींपासून सुटलेला चित्रकार इथे दिसतो. माझ्या मते त्याचं खरं मोठेपण या शेवटच्या दहा वर्षांत आहे, आणि पोटाचे हालही याच वर्षांत सर्वांत जास्त.

मग नजर अधू होत गेली. 7 जानेवारी 1841 ला लंडनमधल्या ब्रॉम्प्टनमध्ये तो वारला. वय जेमतेम 48. पत्नी अ‍ॅनास्टेशियाच्या हाताशी काही उरलं नव्हतं. त्यानंतर कितीतरी वर्षं त्याचं नाव मागे पडलं होतं. 1985 मध्ये याच नॅशनल गॅलरीने त्याच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन भरवलं, तेव्हा त्याच्या गावाने त्याला नीट पाहिलं.

मागच्या मे महिन्यात मी 44 नंबरच्या बसने एनिस्केरीला गेले. विक्लोच्या डोंगरातलं छोटं गाव. डार्गल नदी इथून जवळ वाहते, ओकॉनरने ती आणि भोवतालचा मुलूख अनेकदा रंगवला. पाऊस नुकताच थांबला होता. ओल्या दगडांवर शेवाळ, पाण्याला तो काळपट-तपकिरी रंग, जो चित्रात पाहून मला वाटायचं की वार्निश जुनं झाल्यामुळे आला असावा. तो नदीचाच रंग आहे. डोंगरांवरच्या पीटमधून, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींच्या काळ्या मातीतून, पाणी झिरपत येतं म्हणून तसं दिसतं. ओकॉनर लंडनच्या खोलीत बसूनही हाच रंग कालवत राहिला असणार.

कॉर्कची मैत्रीण पुढच्या महिन्यात माझ्याकडे येतेय. तिला आधी गुरुवारी संध्याकाळी गॅलरीत नेणार आहे. पिअर्स स्टेशनवरून पाच-सात मिनिटं चालायचं. ओकॉनरच्या निसर्गचित्रांपुढे उभं करून तिला काही सांगणार नाही, लाल कोटातला माणूस तिचा तिलाच शोधू दे.