गाणे आपले, तर कागदही आपला

स्वतंत्रपणे हिप-हॉप करू पाहणाऱ्या नव्या कलाकारांशी बोलताना एक गोष्ट मला सतत जाणवते. फ्लो, म्हणजे शब्दांची लय, कुठे बदलायचा, हूक, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी मुख्य ओळ, किती वेळा घ्यायचे, व्हिडिओ कसा काढायचा यावर ते तासन्‌तास बोलू शकतात. परंतु ‘या गाण्याचे मास्टर, म्हणजे मूळ ध्वनिमुद्रण, कोणाच्या नावावर आहे?’ असे विचारले, की बहुतेकांकडे उत्तर नसते. पाठीशी लेबल, म्हणजे रेकॉर्ड कंपनी, नाही एवढ्यानेच कोणी स्वतंत्र ठरत नाही. गाण्याची मालकी कोणाकडे, किती आणि किती काळ, हे ज्याला ठाऊक आहे आणि ज्याच्याकडे ते लेखी आहे, तोच कलाकार स्वतंत्र, असे माझे ठाम मत आहे.

या संगीतातील जाणत्यांनी हे फार लवकर ओळखले होते. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतील ओकलंडमध्ये रॅपर टू शॉर्ट आणि त्यांचे साथीदार गिऱ्हाइकाच्या फर्माइशीप्रमाणे, त्याचे नाव गुंफून रॅप रचत आणि कॅसेटवर भरून विकत. 1996 मध्ये रॅपर मास्टर पी यांनी आपल्या नो लिमिट या लेबलसाठी प्रायॉरिटी रेकॉर्ड्सशी करार केला, तेव्हा माल दुकानांपर्यंत पोहोचवण्याचे काम त्या कंपनीला दिले, मास्टर मात्र स्वतःकडेच ठेवले. 2013 मध्ये रॅपर निप्सी हसल यांनी इंटरनेटवर फुकट मिळणाऱ्या आपल्या मिक्सटेपच्या, म्हणजे गाण्यांच्या संग्रहाच्या, 1000 प्रती प्रत्येकी 100 डॉलरला विक्रीस ठेवल्या आणि त्या विकल्याही गेल्या. चान्स द रॅपर यांचे उदाहरण तर मला विशेष बोलके वाटते. 2017 मध्ये त्यांना मिळालेला सर्वोत्कृष्ट रॅप अल्बमचा ग्रॅमी हा केवळ स्ट्रीमिंगवर प्रसिद्ध झालेल्या अल्बमला मिळालेला पहिलाच ग्रॅमी होता. आणि त्याच अल्बमच्या दोन आठवड्यांच्या हक्कांसाठी अॅपलकडून 5 लाख डॉलर घेतल्याचे त्यांनी स्वतःच जाहीर केले. कंपनीचा पैसा घेतल्याने त्यांचे स्वातंत्र्य गेले, असे मी मानत नाही. त्यांनी दिले काय, तर दोन आठवडे. मालकी दिली नाही.

नवख्या कलाकाराच्या बाबतीत मालकीचा पहिला प्रश्न बीटपाशी, म्हणजे ज्यावर रॅप करायचा त्या प्रोड्यूसरने बनवलेल्या संगीतापाशी, येतो, आणि तिथेच सर्वाधिक घोळ होतात. ऑनलाइन घेतलेला बीट बहुतेक वेळा लीजवर असतो, म्हणजे तो विकत मिळालेला नसून वापरण्याची परवानगी मिळालेली असते. त्या परवानगीत स्ट्रीमची कमाल संख्या, मुदत, व्हिडिओ किती करता येतील, कार्यक्रमांत वापरता येईल का, अशा अटी असतात. प्रोड्यूसर तोच बीट इतर कितीही जणांना देऊ शकतो. त्यामुळे एकाच बीटवर दहा गाणी निघतात, आणि त्यांपैकी कोणी आपले गाणे कंटेंट आयडीमध्ये, म्हणजे यूट्यूबच्या जुळणारे संगीत आपोआप ओळखणाऱ्या यंत्रणेत, नोंदवले, की उरलेल्या नऊ जणांच्या व्हिडिओंवर दावे येऊ लागतात. म्हणूनच लीजवरच्या बीटसाठी कंटेंट आयडीची नोंद सहसा मनाईच असते आणि गाणे स्ट्रीमिंगच्या मंचांवर नेणाऱ्या वितरकाच्या अर्जातील त्या चौकटीवर खूण करण्यापूर्वी करारनामा उघडून पाहणे आवश्यक ठरते. स्वस्तातली लीज घेतली, तर बहुधा किक, बास आणि सुरावट एकत्र झालेली एकच फाइल हाती येते. मग 808 या ड्रम मशीनच्या धाटणीचा बास आणि आपला खर्जातला आवाज एकमेकांना दाबू लागले, तर मिक्स करणारा फारसे काही करू शकत नाही. ज्या गाण्यावर आपला खरोखर भरवसा आहे, त्याचे स्वतंत्र ट्रॅक घ्यावेत आणि शक्य असेल तर एक्सक्लुझिव्ह, म्हणजे फक्त आपल्यापुरते, हक्कच घ्यावेत, भले त्यासाठी त्या वर्षी दोन गाणी कमी निघाली तरी चालेल.

सँपलबद्दल थोडक्यातच सांगतो. 1991 मध्ये रॅपर बिझ मार्की यांच्या विरोधात न्यायालयाचा निकाल लागला, तेव्हापासून परवानगी न घेता दुसऱ्याच्या ध्वनिमुद्रणाचा तुकडा वापरणे हा धोक्याचा मार्ग झाला आहे. प्रोड्यूसरने सँपल वापरले आहे का, हे गाणे ध्वनिमुद्रित होण्यापूर्वी विचारावे.

दुसरा कागद स्प्लिट शीटचा, म्हणजे गाण्यात कोणाचा किती वाटा हे लिहिलेल्या पानाचा. प्रत्येक गाण्यात दोन वेगळे हक्क असतात, एक ध्वनिमुद्रणाचा आणि दुसरा रचनेचा, आणि रचनेत शब्द व संगीत दोन्ही येतात. रॅपमध्ये रचनेचा निम्मा वाटा प्रोड्यूसरचा आणि निम्मा शब्द लिहिणाऱ्यांचा, असा सर्वसाधारण प्रघात आहे. पण प्रघातावर विसंबून चालत नाही. स्टुडिओत रात्री शेवटचे अॅड-लिब, म्हणजे ओळींमध्ये पेरलेले छोटे उद्गार, घेऊन झाले, हेडफोन खुंटीला लागले, आणि तेवढ्यात हूकमधली एक ओळ सुचवणारा मित्र घरी निघाला, तर त्याला दारातच थांबवून त्या एका पानावर त्याचे कायदेशीर नाव, टक्केवारी आणि सही घ्यावी. त्या रात्री सगळेच खुशीत असतात आणि पाच टक्के की दहा टक्के यावर कोणी भांडत नाही. गाणे चालू लागल्यावर तोच प्रश्न विचारला, की मैत्रीला तडा जातो.

वितरक गाणे सर्व मंचांवर पोहोचवतो आणि आयएसआरसी हा ध्वनिमुद्रणाचा ओळखक्रमांकही देतो. मात्र रचनेची रॉयल्टी तो सहसा गोळा करत नाही. त्यासाठी गीतकार-संगीतकारांच्या रॉयल्टी संस्थेत स्वतंत्र नोंद करावी लागते, आणि ती न केल्यामुळे पडून राहिलेले पैसे कोणी शोधत आपल्या दारी येत नाही. केवळ स्ट्रीमवर घर चालवण्याचा हिशेबही मांडू नये. 2024 पासून स्पॉटिफायवर मागील 12 महिन्यांत किमान 1000 स्ट्रीम न झालेल्या गाण्याला ध्वनिमुद्रणाची रॉयल्टीच मिळत नाही.

म्हणून मी मंचावरील कार्यक्रमाला फार मोठे स्थान देतो. रॅपर टेक नाइन यांनी 1999 मध्ये भागीदारीत उभारलेले स्ट्रेंज म्युझिक हे लेबल वाढले, त्यात त्यांच्या अखंड दौऱ्यांचा वाटा फार मोठा होता. त्यासाठी मिक्सच्या वेळीच प्रत्येक गाण्याची एक शो आवृत्ती काढून घ्यावी, जिच्यात मुख्य आवाज नसतो, फक्त हूकचे थर आणि निवडक अॅड-लिब असतात. मूळ गाणे लावून त्यावर ओठ हलवणारा रॅपर प्रेक्षकांच्या लगेच लक्षात येतो. शो आवृत्तीवर उभे राहिले, की सोळा ओळी एका दमात कुठे तुटतात ते सरावातच कळते. तिथला एखादा शब्द गाळून श्वासाला जागा करावी आणि पुढच्या गाण्याचा वर्स लिहितानाच तशी जागा ठेवावी. अशा कार्यक्रमाला आलेली माणसे निघताना टी-शर्ट घेतात, नाव-पत्ता देतात, पुढच्या वेळी सोबत कोणाला तरी घेऊन येतात, आणि ही यादी कोणत्याही मंचाची नसून आपली स्वतःची असते.