स्ट्रॉ नको म्हणायच्या आत ती ग्लासात असते

माझं आणि स्ट्रॉचं भांडण जुनं आहे आणि त्यात दर वेळी मीच हरते. कोल्ड कॉफी सांगायची, मेनूकार्ड परत द्यायचं, गप्पांना लागायचं, आणि ग्लास टेबलावर आला की आठवतं, अरे, स्ट्रॉ नको सांगायचं राहिलंच की! मग "दादा, स्ट्रॉ नको होती" म्हणायचं, तो बिचारा अदबीने ती काढून घेणार, टोकाला फेस लागलेला, आणि जाता जाता डस्टबिनमध्ये टाकणार. झालं. मी वापरली पण नाही आणि वाचवली पण नाही.

बरं, आठवणीनं आधी सांगितलं तरी ती येतेच. हे कसं काय होतं ते मला माझ्या एका मैत्रिणीकडून कळलं, तिने काही महिने कॅफेच्या काउंटरवर काम केलंय. ती म्हणाली अगं ऑर्डर घेणारा वेगळा, ग्लास भरणारा वेगळा, आणि गर्दीत भरणाऱ्याचं डोकं चालतच नसतं, नुसते हात चालतात. ग्लास, बर्फ, ओतलं, स्ट्रॉ, पुढचा ग्लास. स्ट्रॉचा डबा ग्लासांच्या शेजारीच असतो ना. एक दिवस त्यांनी एवढंच केलं, तो डबा उचलून बिलाच्या टेबलाखालच्या कप्प्यात ठेवला. आता स्ट्रॉ द्यायची तर वाकायला लागायचं. पहिले दोन दिवस सगळ्यांचे हात रिकाम्या जागी जायचे म्हणे 😄 पण ज्यांनी मागितली त्यांना मिळाली, बाकीच्यांनी ग्लास तोंडाला लावला आणि प्यायले, कोणी विचारलंसुद्धा नाही. फलक नाही, कासवाचं पोस्टर नाही, काही नाही.

कासवावरून आठवलं, तो २०१५ चा व्हिडिओ बघितला असेलच तुम्ही. कोस्टा रिकाजवळच्या समुद्रात संशोधकांना एक कासव सापडलं, नाकपुडीत काहीतरी अडकलेलं, त्यांना आधी वाटलं किडा आहे, आणि पकडीने ओढून काढलं तर प्लॅस्टिकची स्ट्रॉ. मला तो व्हिडिओ पूर्ण बघवला नाही अजून. त्यानंतरच खरं तर हॉटेलवाल्यांनी आणि सरकारांनी स्ट्रॉ मनावर घेतली. पण आपण न मागता येणारी स्ट्रॉ हा मुद्दा त्याच्याही आधी एका पोराने मांडला होता. अमेरिकेतला मायलो क्रेस, २०११ साली नऊ वर्षांचा. त्याचं म्हणणं एवढंच की आधी विचारा, मग द्या. अमेरिकेत रोज ५० कोटी स्ट्रॉ वापरल्या जातात हा आकडा पण त्याचाच, स्ट्रॉ बनवणाऱ्यांना फोन करून काढलेला अंदाज, आणि मोठमोठ्या पेपरांनी तो वर्षानुवर्षं छापला. पुढे त्या आकड्यावर बराच वाद झाला, पण मागणी बरोबर होती की! आकडा काहीही असो, नको असलेली वस्तू देऊ नका यात चुकीचं काय आहे.

"स्ट्रॉने काय होतंय, समुद्रात केवढं प्लॅस्टिक जातं" असं म्हणणारे असतातच आणि ते खोटं बोलत नाहीत. २०१५ च्याच एका अभ्यासात २०१० या एका वर्षात ४८ लाख ते १ कोटी २७ लाख टन प्लॅस्टिक समुद्रात गेल्याचा अंदाज होता, त्यात स्ट्रॉ म्हणजे किस झाड की पत्ती. पण स्ट्रॉचं दुखणं वजनाचं नाहीच. ती इतकी बारीक आणि हलकी असते की रीसायकलिंगच्या मशीनमध्ये जाळ्यांतून खाली पडते आणि कचऱ्यातच जाते, म्हणजे तुम्ही कितीही नीट वेगळी ठेवा, उपयोग शून्य. आणि वापर किती वेळ? ग्लास संपेपर्यंत.

मग कागदाची आली. लोकांना वाटतं हा नवीन शोध आहे, पण मूळ स्ट्रॉ कागदाचीच. त्याच्याही आधी राय गवताची काडी असायची, म्हणून तर स्ट्रॉ म्हणजे गवताची काडी. ती काडी पेयात विरघळायची, पेयाला गवताची चव लागायची, म्हणून मार्विन स्टोन नावाच्या माणसाने पेन्सिलीभोवती कागद गुंडाळून नळी केली आणि १८८८ ला पेटंट घेतलं. आपण प्लॅस्टिककडे जाऊन परत तिथंच आलोय, आणि तोंडात लगदा तसाच 😑 शिवाय २०२३ मध्ये बेल्जियममध्ये तपासणी झाली त्यात कागदाच्या २० पैकी १८ ब्रँडच्या स्ट्रॉमध्ये ते पीफास सापडले, निसर्गात वर्षानुवर्षं न मोडणारी रसायनं. प्रमाण कमी होतं, घाबरायचं कारण नाही, पण "कागद म्हणजे शुद्ध" हे डोक्यातून काढायला हरकत नाही. मक्याच्या स्टार्चपासून केलेल्या स्ट्रॉवर तर मी बोलतच नाही, त्या कुजायला मोठ्या प्लांटमधली भरपूर उष्णता लागते, कचऱ्याच्या ढिगात त्या नुसत्या पडून राहतात. त्यामुळे कशाची स्ट्रॉ द्यायची हा वाद घालत बसणाऱ्यांची मला गंमत वाटते, बहुतेकांना कशाचीच नकोय!

बहुतेकांना. सगळ्यांना नाही, आणि हे मला उशिरा कळलं. माझ्या आत्याचे हात थरथरतात, भरलेला ग्लास उचलला की अर्धा अंगावर. तिला घेऊन एका ठिकाणी गेलो, तिथं मोठ्या अभिमानाने सांगितलं, मॅडम आम्ही स्ट्रॉ ठेवतच नाही. एरवी मी टाळ्या वाजवल्या असत्या. खूप विनवण्या केल्यावर कुठूनतरी एक कागदाची आणली, ती पाच मिनिटांत मधोमध मोडली, आणि आत्या म्हणाली "राहू दे गं, मला तहानच नव्हती." तहान होती तिला.

घरी येऊन वाचलं तर वाकणारी स्ट्रॉ काढली जोसेफ फ्रीडमनने, त्याची लहान मुलगी उंच काउंटरपाशी बसून सरळ स्ट्रॉशी झटापट करत होती ते बघून. स्ट्रॉमध्ये स्क्रू घातला, बाहेरून दोरा गुंडाळून आटे उमटवले, झाली वाकती. १९३७ चं पेटंट, आणि सुरुवातीचं गिऱ्हाईक कोण, तर हॉस्पिटल. म्हणजे ते वाकणं झोपून पिणाऱ्यांच्याच कामाचं होतं, आपण नंतर फुकट लाड करून घेतले.

म्हणून मला इंग्लंडचा नियम त्यातल्या त्यात शहाणपणाचा वाटतो. ऑक्टोबर २०२० पासून तिथं रेस्टॉरंटने प्लॅस्टिकची स्ट्रॉ समोर मांडायची नाही, आपणहून द्यायची नाही, पण कोणी मागितली तर देता येते. कॅलिफोर्नियातही २०१९ पासून टेबलावर वाढणाऱ्या रेस्टॉरंटमध्ये मागितल्याशिवाय देत नाहीत. म्हणजे माझ्या मैत्रिणीचा तो टेबलाखालचा डबाच, फक्त कायद्यात लिहिलेला.

आत्या आता पर्समध्ये चष्म्याच्या जुन्या केसमध्ये सिलिकॉनची एक वाकणारी स्ट्रॉ ठेवते, पण ती धुवायचा बारका ब्रश कायम घरी राहतो, मग आतली जुनी कॉफी बघून ती परत केसमध्ये जाते. मागच्या आठवड्यात असंच झालं. ऑर्डर घेणारा मुलगा वहीतून मान वर न काढता म्हणाला, "स्ट्रॉ लागेल का?" मी नको म्हणाले आणि त्याच क्षणी आत्या हो म्हणाली. त्याने दोन ग्लास आणले आणि एक स्ट्रॉ.