दिवाळीनंतरचा पट

पालकसभेत माझं नाव पुढं आलं तेव्हा मी धाकट्याला मांडीवर घेऊन मागं बसले होते. शाळा समितीत 75 टक्के सदस्य पालकच असावे लागतात, निम्म्या बाया लागतात, आणि अध्यक्षही पालकांतलाच, हे सरांनी वाचून दाखवलं. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यातलं आणि त्याच्या नियमांतलं. मी हो म्हणाले, कारण माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती.

आमचं गाव बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरात. जमीन कोरडवाहू. दसरा-दिवाळी झाली की मुकादमांच्या, म्हणजे मजूर नेणाऱ्या ठेकेदारांच्या, गाड्या येतात आणि निम्मं गाव ऊसतोडीला जातं. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल, म्हणजे आगाऊ पैसे, आधीच घेतलेली, त्यामुळं जाणं चुकत नाही. चौथीपर्यंतच्या आमच्या शाळेत दोन शिक्षक, पट 47. शाळेची परसबाग केंद्रातल्या शाळांत पहिली आलेली, पहिलीची लेकरं जोडाक्षरं वाचतात. हे सगळं खरंच अभिमानाचं आहे. पण दिवाळीनंतर यातली 23 लेकरं आईबापामागं उसाच्या फडावर जायची. मी स्वतः तिसरीत असताना गेले होते. चैत्रात परत आले तेव्हा वर्गातल्या पोरी धडा वाचत होत्या आणि मला काही लागत नव्हतं. पुढं दोन वर्षांत माझी शाळा सुटली.

पहिल्या बैठकीत कुणी गेट मागितलं, कुणी संगणक. मी म्हणाले, आधी पट टिकवू. तेव्हा सरांनी हंगामी वसतिगृहाचं सांगितलं. आईबाप तोडीला गेले तरी लेकरं गावातच राहतात, दुपारी शाळेचा पोषण आहार असतोच, सकाळ-संध्याकाळचं जेवण वसतिगृहात, रात्री आजी-आजोबांकडं. हे चालवायचं शाळा समितीनं.

आम्ही सभा लावली सकाळी अकराला. आले सहा जण. बाकीचे सोयाबीन काढायला. चूक आमचीच होती. मग रात्री आठला मारुतीच्या पारावर बसलो, तेव्हा पार भरला.

तिथं पालक जे बोलले ते सरकारी नमुन्यात कुठंच नव्हतं. एक आई म्हणाली, "ताई, मोठी पोरगी इथं ठेवली तर कोपीवर बारक्याला कोण सांभाळील?" कोपी म्हणजे फडाजवळची झोपडी. पोरगी नऊ वर्षांची, चौथीतली. एका आजीनं विचारलं, "रातीला ताप आला तर दवाखान्यात कुणी न्यायचं?" यावर आम्ही तास-दीड तास बोललो. शेवटी ठरलं की प्रत्येक लेकरामागं दोन नावं लिहायची, एक घरचं आणि एक समितीतल्या माणसाचं. आणि दर रविवारी संध्याकाळी शाळेतून आईबापाला फोन लावायचा. मला वाटतं, या फोनमुळंच आया तयार झाल्या.

मग कागद. घरोघरी फिरून यादी केली. कोण कुठल्या कारखान्यावर जाणार, मुकादम कोण, गावात लेकरू कुणाजवळ राहणार, आईबापाचं संमतीपत्र, समितीचा ठराव. केंद्रप्रमुख येऊन बघून गेले. प्रस्ताव एकदा परत आला, ठरावावर एक सही राहिली म्हणून. ती सही करून पुन्हा दिला, पण मंजुरी येईपर्यंत तोडीच्या टोळ्या निघून तीन आठवडे झाले होते.

ते तीन आठवडे गावानं काढले. ज्याच्या घरी ज्वारी होती त्यानं ज्वारी दिली, आज्यांनी भाकरी थापल्या, शाळेतल्या स्वयंपाकीणबाई पैसे न घेता संध्याकाळी कालवण करायच्या. मी रोज जेवण होईपर्यंत थांबायचे. पहिला आठवडा फार जड गेला, पहिलीतली दोन लेकरं ताटावर बसून रडायची.

23 पैकी 18 राहिली. पाच गेली. त्या पाचांना शाळेनं शिक्षण हमी पत्र दिलं, म्हणजे कारखान्याजवळच्या शाळेत बसता यावं. दोघं बसली. तिघांच्या कोपीपासून शाळा लांब होती. त्या तिघांत ती नऊ वर्षांची पोरगी होती.

चैत्रात टोळ्या परत आल्या. एका संध्याकाळी शेजारच्या घरी हिशोबाचा कागद उलगडला होता आणि वसतिगृहात राहिलेला त्यांचा चौथीतला पोरगा मोठ्यानं वाचत होता, उचल किती, फिटली किती, राहिली किती. बापानं त्याला तीनदा वाचायला लावलं. एके ठिकाणी खाडे जास्त धरलेले निघाले. दुसऱ्या दिवशी बाप पोराला घेऊन मुकादमाकडं गेला.

यंदा शाळा विकास आराखड्यात पहिलं काम आम्ही तेच लिहिलंय, वसतिगृहाचा प्रस्ताव ऑगस्टमध्ये द्यायचा. सगळ्या सह्या तपासून मी स्वतः देऊन आले. सभाही श्रावणात घेतली, उचल उचलायच्या आधी, रात्रीच. त्या पोरीची आजी आली होती. या वर्षी बारक्यालाही मीच ठेवते म्हणाली. पोरगी आता पाचवीला शेजारच्या गावात जाते. तिथल्या समितीच्या अध्यक्षांना मी भेटून आले आहे.