केली-हॅमिल्टन नुसतं पडताळून सोडू नका

दादरला इंजिनिअरिंगच्या मुलांच्या शिकवण्या घेते. एम-फोरमध्ये, म्हणजे गणिताच्या चौथ्या पेपरात, केली-हॅमिल्टन प्रमेय म्हणजे हक्काचे मार्क. प्रमेय असं: ए ही चौरस मॅट्रिक्स, आय ही एकक मॅट्रिक्स; ए वजा लॅम्डा आय हिचा डिटर्मिनंट उलगडला की लॅम्डाची जी कॅरेक्टरिस्टिक बहुपदी मिळते, तिच्यात ए घातली की शून्य मॅट्रिक्स येते. पडताळा, इन्व्हर्स काढा, की मुलं पुढच्या प्रश्नाला मोकळी. माझा मात्र जीव तुटतो, कारण चौरस मॅट्रिक्सची खरी गंमत इथेच आहे.

दोन बाय तीनच्या मॅट्रिक्सला तिनेच गुणता येत नाही. चौरस असेल तर येतं, म्हणून तिचे घात काढता येतात. तीन बाय तीनची ए घ्या. तिच्यात नऊ जागा. तेव्हा एकक मॅट्रिक्सपासून एच्या नवव्या घातापर्यंतच्या दहा मॅट्रिक्स एकमेकींवर अवलंबून असणारच, म्हणजे त्यांतली एखादी बाकीच्यांच्या पटींची बेरीज असणारच, हे नुसत्या मोजणीने कळतं. पण केली-हॅमिल्टन सांगतो की नवव्या घातापर्यंत जायलाच नको, तिसऱ्या घातातच काम होतं! नऊवरून थेट तीनवर. वर्गात हे सांगताना मला अजूनही भरून येतं.

दरवर्षी कुणीतरी हुशार पोर म्हणतं, "मॅडम, सोपंय. डिटर्मिनंट ऑफ ए वजा लॅम्डा आय, त्यात लॅम्डाच्या जागी ए टाका, शून्य आलं." मग मी फळ्यावर एक मॅट्रिक्स लिहिते: वरच्या ओळीत २, १ आणि खालच्या ओळीत १, १. हीच युक्ती ट्रेसला, म्हणजे मुख्य कर्णावरच्या संख्यांच्या बेरजेला, लावून बघ म्हणते. ए वजा लॅम्डा आय हिचा ट्रेस ३ वजा २ लॅम्डा. लॅम्डाच्या जागी ए टाकली की ३आय − २ए, म्हणजे वर −१, −२ आणि खाली −२, १. शून्य कुठे आलं? लॅम्डा ही संख्या आहे. डिटर्मिनंट आधी उलगडायचा, मगच त्या बहुपदीत ए घालायची.

तसं केलं की याच मॅट्रिक्सचं समीकरण मिळतं: ए वर्ग − ३ए + आय = ०. ३ हा ट्रेस, १ हा डिटर्मिनंट. ए वर्ग येते ५, ३ आणि ३, २. स्वतः करून बघा, चारही जागी शून्य येतं. इन्व्हर्स तर आयतीच मिळते: ३आय − ए. आणि ए घन काढायला गुणाकार नको, ३ए वर्ग − ए पुरे: १३, ८ आणि ८, ५. फिबोनाची ओळखला ना, आधीच्या दोन संख्यांची बेरीज म्हणजे पुढची संख्या?

इंग्रज गणिती आर्थर केलीने हे १८५८च्या निबंधात मांडलं, तेव्हा तो लंडनमध्ये वकिली करत होता. दोन बाय दोनची सिद्धता दिली, तीन बाय तीन तपासल्याचं सांगितलं आणि पुढच्या सिद्धतेचे कष्ट घ्यायची गरज वाटत नाही असं लिहून टाकलं. कोणत्याही आकाराच्या चौरस मॅट्रिक्ससाठी ते १८७८ मध्ये जर्मन गणिती फ्रोबेनियसने सिद्ध केलं.

पेपरात एचा आठवा घात असलेली लांबलचक बहुपदी आली तर गुणत बसू नका. तिला कॅरेक्टरिस्टिक बहुपदीने भागा आणि उरलेल्या बाकीत ए घाला.