जळगाव–अमळनेर–चांगदेव सायकल फेरी: उनपदेवपुढची शिवारातली वाट घेऊ नका

सातपुड्याच्या पायथ्याच्या उनपदेवहून (गरम पाण्याचा झरा) आडगावकडे जाताना शिवारातून वाट काढू नका. पुढचं काही वाचलं नाही तरी चालेल, पण एवढं लक्षात ठेवा.

दिवाळीनंतरच्या आठवड्यात मी आणि माझा मावसभाऊ जळगावहून निघालो. पहिला मुक्काम अमळनेर, दुसरा यावल, तिसरा मुक्ताईनगर आणि चौथ्या दिवशी भुसावळवरून घरी, असा बेत होता. सायकलच्या मीटरवर सव्वातीनशे किलोमीटर भरले. दिवसाला ८० किलोमीटरची सवय असेल तर अंगावर येत नाही. चढ म्हणावा असा पद्मालयाजवळच, तोही थोडासा.

जळगाव ते एरंडोल हायवे आहे आणि उजाडल्यानंतर तो सायकलवाल्याचा राहत नाही. पहाटे पाचला निघा. एरंडोलहून पद्मालयाला आत वळलं की एकदम झाडी आणि शांतता. गाभाऱ्यात शेजारी शेजारी दोन गणपती आहेत, एक डाव्या सोंडेचा, एक उजव्या. समोरच्या तळ्यात कमळं. मला पारोळ्याचा किल्ला जास्त आवडला. भुईकोट आहे, १७२७ साली हरि सदाशिव दामोदर यांनी बांधलेला, भोवती खंदक. आतली अवस्था बघून मात्र वाईट वाटतं. गावात कोणालाही विचारा, झाशीच्या राणीच्या माहेरचं गाव म्हणून अभिमानाने सांगतात. अमळनेरला बोरी नदीतली सखाराम महाराजांची समाधी संध्याकाळी बघावी. साने गुरुजींची प्रताप हायस्कूल सकाळी निघताना वाटेत पडते.

आता दुसरा दिवस. चोपड्यापर्यंत काही त्रास नाही. अडावदवरून सातपुड्याच्या पायथ्याला उनपदेवला गेलो. गोमुखातून गरम पाणी पडतं, त्याखाली पाय धरले आणि सगळा शीण गेला. इथवर मी इतका खूश होतो की काहीही ऐकायला तयार होतो, आणि तिथेच चूक झाली. आम्हाला पुढे आडगावजवळचं मनुदेवीचं देऊळ करायचं होतं. त्यासाठी परत अडावदला येऊन यावल रस्त्याने जायचं आणि आडगावकडे वळायचं, हा सरळ मार्ग. चहाच्या टपरीवर एक जण म्हणाला, "हाई वाट सिधी आडगावले जास, भाऊ." फोनमधल्या नकाशातही वाट ठळक दिसत होती. दहा-बारा किलोमीटर वाचणार होते.

सुरुवातीचे दोन किलोमीटर मुरूम आणि गोटे, टायर छान चालत होते, म्हणून विश्वास बसला. डोंगराच्या कडेला जमीन अशीच असते. पण जरा खाली उतरलं की केळीच्या बागा लागतात आणि तिथून तापीकाठची काळी माती सुरू होते. दोन दिवसांपूर्वी तिथे पाऊस पडून गेला होता. वरून माती वाळलेली दिसत होती, आत लोणी. पन्नास पावलांत चाकं फिरायची बंद झाली. चिखल टायर आणि फोर्कच्या मध्ये असा बसला की ब्रेक कुठे आहेत ते दिसेना. पऱ्हाटीची काडी मोडून तो कोरून काढायचा, सायकल दहा पावलं ढकलायची, पुन्हा काडी. उचलून घ्यावी तर वजन दुप्पट झालेलं. एका ठिकाणी भावाने चिडून पेडल जोरात मारलं आणि मागचा डिरेलर (साखळी गिअरवर सरकवणारा भाग) हँगरसकट, म्हणजे तो ज्या पट्टीवर बसतो तिच्यासकट, वाकून चाकात गेला.

तीन तास. तीन तासांत आम्ही चार किलोमीटर गेलो, आणि आडगाव अजून दिसतही नव्हतं. शेवटी एक ट्रॅक्टरवाला भेटला. किनगावच्या बाजूला डांबरीपर्यंत सोडायचे त्याने ८०० रुपये सांगितले आणि एक रुपया कमी केला नाही. अंतर जेमतेम तीन किलोमीटर. अडलेल्या माणसाकडून असं घेणं वाईट, मला ते अजून खटकतं. डांबरीच्या कडेला एका मळ्यात आजी होत्या. त्यांनी न विचारता मोटार चालू करून दिली, पाइप हातात दिला आणि सायकली धुऊन होईपर्यंत केळी खायला घातली. पैसे काढले तर रागावल्या.

तेव्हा सांगतो ते ऐका. पाऊस होऊन आठवडा गेला नसेल तर सातपुडा आणि यावल रस्ता यांच्या मधली कुठलीही कच्ची वाट नको. सांगणारा खोटं बोलत नाही, तो मोटरसायकलवर आणि उन्हाळ्यात गेलेला असतो. मडगार्ड काढून ठेवा. जादा हँगर सोबत घ्या, वाटेत मिळत नाही. यावलच्या मिस्त्रीने साखळी छोटी करून भावाची सायकल एका गिअरवर चालती केली, तेवढ्यावर त्याने उरलेली फेरी पूर्ण केली. बांधावर सराटेही फार आहेत, आम्हाला दोघांना मिळून पाच पंक्चर झाले. दोन ट्यूब पुरत नाहीत, चार घ्या.

तिसरा दिवस सोपा गेला. फैजपूरला १९३६ च्या डिसेंबरात काँग्रेसचं पहिलं खेड्यातलं अधिवेशन भरलं, तिथे थांबलो. बामणोदच्या वांग्यांचं भरीत आणि कळण्याची भाकरी खाल्ली. बस.

चांगदेवला मात्र वेळ ठेवा. तापी-पूर्णेच्या संगमावरचं दगडी देऊळ आहे आणि हतनूर धरणाचं पाणी फुगून जवळ आलेलं असतं. चौदाशे वर्षांच्या योग्याने ज्ञानदेवांना कोरं पत्र पाठवलं आणि पुढे लहानग्या मुक्ताईला गुरू केलं, ती कथा आपण शाळेपासून ऐकतो. इथे एका काठावर चांगदेव आणि पलीकडे मेहूणला मुक्ताई. पायऱ्यांवर बसल्यावर आदल्या दिवसाचा राग बराच उतरला. मेहूणला नावेने जायचं असेल तर सायकलींसकट जाऊन येऊन किती, हे बसण्याआधी ठरवा. आम्ही ठरवलं नाही, आणि परतताना दुप्पट पैसे मागितले गेले.

फेरी उलटी करा. चोपड्यापासून पुढे दोन दिवस पूर्वेचा वारा आमच्या तोंडावर होता. आधी मुक्ताईनगर करून मग पश्चिमेकडे आलात तर तो पाठीवर घ्याल, आणि पद्मालय शेवटच्या सकाळी मिळेल.

आमची मनुदेवी राहिली. जानेवारीत पुन्हा जाणार आहोत, अडावदला परत येऊन, डांबरीनेच.