वांगे भाजता येईल असे ग्रिल

जानेवारीतल्या एका तापलेल्या दुपारी, लॉर्न गावाच्या समुद्रकाठच्या हिरवळीवर असलेल्या विजेच्या सार्वजनिक बार्बेक्यूसमोर उभी राहून माझ्या आईने विचारले, "ह्यात जाळ कुठाय रे? वांगं काय तव्यावर भाजायचं?" तिच्या हातात भरताचे मोठे वांगे होते, तेल लावून, सुरीने टोचून आणि पोटात लसणाच्या चार पाकळ्या खोचून ते तयार केलेले होते. समोर स्टेनलेस स्टीलचा सपाट पत्रा होता, जो बटण दाबल्यावर तापतो आणि काही मिनिटांनी आपोआप बंद होतो. ऑस्ट्रेलियातल्या अनेक बागांमध्ये आणि किनाऱ्यांवर असे बार्बेक्यू असतात, बरेचसे फुकट असतात आणि येणारे लोक वापरून झाल्यावर ते पुसूनही ठेवतात, याचे मला नेहमीच कौतुक वाटत आले आहे. पण आदल्या कुटुंबाने त्यावर सॉसेज परतलेली होती, आई शाकाहारी, आणि पत्र्यावर अॅल्युमिनियमची फॉइल अंथरून समाधान करून घेतले तरी त्यावर वांग्याची साल करपण्याऐवजी वांगे एका अंगाने नुसते मऊ पडत होते. आमच्या व्हॅनमध्ये कोळशाचे एक चांगले ग्रिल होते. मात्र त्या दिवशी व्हिक्टोरिया राज्यात ‘टोटल फायर बॅन’, म्हणजे संपूर्ण आगबंदी, लागू होता आणि ते पेटवणे गुन्हा ठरला असता.

तोवर आम्ही मेलबर्नहून ग्रेट ओशन रोडवर तीन सफरी केल्या होत्या. टॉर्कीपासून वॉर्नमबूलजवळच्या अॅलन्सफर्डपर्यंत जाणारा हा सुमारे 243 किलोमीटरचा रस्ता पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी 1919 ते 1932 या काळात, मोठ्या प्रमाणावर कुदळ-फावड्यांनी खणून काढला आणि तो युद्धात मरण पावलेल्या त्यांच्या सोबत्यांचे स्मारक मानला जातो. आमची गाडी म्हणजे एक जुनी टोयोटा हायएस, जिच्या आत एक पलंग, एक छोटे बेसिन आणि एका चुलीची गॅस शेगडी बसवलेली आहे. त्या शेगडीवर चहा आणि वरण-भात होतो. परंतु मासळी आत तळली तर पुढचे तीन दिवस पांघरुणांना वास येतो, म्हणून भाजणे आणि तळणे गाडीबाहेरच व्हावे, असा आमच्या घरात पहिल्याच सफरीनंतर ठराव झाला.

पहिल्या सफरीसाठी मी सर्वांत स्वस्त उपाय निवडला होता. प्लास्टिकच्या डब्यात मावणारी, आडव्या ब्यूटेनच्या डब्यावर चालणारी शेगडी आणि तिच्यावर ठेवायचा खाचांचा बिडाचा तवा. एप्रिलमधल्या ईस्टरच्या सुट्टीत अपोलो बे येथे बंदरावरून आणलेल्या फ्लॅटहेड माशाच्या तुकड्या तव्यावर टाकल्या आणि पाचव्या मिनिटाला ज्योत विझली. पुन्हा पेटवली, पुन्हा विझली. शेजारच्या व्हॅनमधल्या एका वयस्कर गृहस्थांनी येऊन पाहिले आणि काहीही न बोलता माझा तवा उचलून बाजूला ठेवला. तवा शेगडीपेक्षा रुंद असल्यामुळे तो गॅसच्या डब्यावर छपरासारखा आला होता, त्याची धग खाली परतत होती, डबा तापून आतला दाब वाढत होता आणि शेगडीची सुरक्षा-झडप गॅस तोडत होती. झडपेने आपले काम केले होते, चूक माझी होती. 2015 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या गॅस-सुरक्षा नियामकांनी याच जातीच्या शेगड्यांवर कारवाई केली होती आणि तिचे कारण ही झडप अनेक शेगड्यांमध्ये भरवशाने चालत नाही हेच होते, हे नंतर वाचले तेव्हा मात्र पाठीतून थंड शिरशिरी गेली.

जुलैतल्या दुसऱ्या सफरीत त्याच शेगडीने दुसरा धडा दिला. ऑटवेच्या डोंगरात पहाटे तापमान तीन-चार अंशांवर उतरले होते. ब्यूटेन शून्याच्या जरासे खाली गेल्यावर द्रवातून वायूत येण्याचेच थांबते, आणि डब्यातून गॅस निघत असताना डबा आणखी गार होत जातो, त्यामुळे हवेचे तापमान शून्याच्या वर असले तरी ज्योत मलूल होत जाते. प्रोपेनचा उत्कलनबिंदू उणे 42 अंश आहे, म्हणून थंडीत त्याला अडचण येत नाही. हा फरक मी शाळेच्या रसायनशास्त्रात शिकलो असणारच, पण तो ध्यानात राहिला तो न उकळलेल्या चहामुळे. शिवाय 220 ग्रॅमचा एक डबा मोठ्या आचेवर जेमतेम सव्वा तास पुरतो. चार दिवसांच्या सफरीत आम्ही पाच डबे संपवले आणि ते रिकामे डबे टाकायचे कुठे, हा प्रश्न घेऊन परतलो.

कोळशाकडे वळलो ते या रागातूनच, आणि खरे सांगायचे तर हुरड्याच्या आगटीच्या आठवणीतूनही. एका मित्राने आपले गोल, झाकणाचे, आठ-दहा ब्रिकेट्सवर, म्हणजे कोळशाच्या भुकटीच्या दाबून केलेल्या वड्यांवर, चालणारे ग्रिल वापरायला दिले. या घडणीच्या ग्रिलचे मूळ दक्षिण आफ्रिकेत आहे. निखारे मधल्या टोपलीत राहतात, बाहेरचे भांडे हाताला पोळत नाही, म्हणून ते टेबलावरही ठेवता येते. नोव्हेंबरच्या एका शांत संध्याकाळी त्याच्यावर भाजलेल्या मक्याच्या कणसांची आणि कांद्यांची चव मी आजही विसरलेलो नाही. पण पेटवल्यापासून कोळशावर पांढरी राख चढेपर्यंत अर्धा तास जातो, आणि जेवण आटोपल्यावर त्या निखाऱ्यांचे काय करायचे ही खरी कटकट सुरू होते. ते वाळूत पुरणे हा सर्वांत वाईट मार्ग आहे, कारण वरची वाळू थंड दिसते आणि आत विस्तव तासन्‌तास जिवंत राहतो. इथल्या किनाऱ्यांवर अशा झाकलेल्या निखाऱ्यांवर पाय पडून लहान मुले भाजल्याच्या घटना दर उन्हाळ्यात ऐकू येतात. भरपूर पाणी ओतून, ढवळून, पुन्हा ओतून ते विझवावे लागतात. विझल्यासारखे वाटणारे ग्रिल रात्री थंडी आहे म्हणून व्हॅनमध्ये घेणे तर जिवावर बेतणारे आहे. मंदावलेला कोळसाही कार्बन मोनॉक्साइड सोडत राहतो आणि त्या वायूला वास नसतो. आम्ही ते ग्रिल रात्रभर गाडीखाली ठेवले आणि सकाळी त्यात दव साचून राखेचा चिखल झालेला सापडला.

एवढे करूनही मी कोळशावरच थांबलो असतो, जर तो जानेवारीचा दिवस उजाडला नसता. या किनाऱ्याने आगी पाहिल्या आहेत. 16 फेब्रुवारी 1983 च्या ‘अॅश वेन्सडे’ला लॉर्नच्या आसपासचा पट्टा होरपळला होता, आणि 2015 च्या नाताळच्या दिवशी वाय रिव्हर आणि सेपरेशन क्रीक या दोन छोट्या वस्त्यांमधली 116 घरे जळाली. या रस्त्यावरून जाताना एका बाजूला समुद्र असतो आणि दुसऱ्या बाजूला तेलकट पानांच्या निलगिरीचे रान उतारावरून थेट डांबरापर्यंत आलेले असते. ते पाहिले की आगबंदीच्या नियमांविषयी कुरकुर करावीशी वाटत नाही. व्हिक्टोरियात टोटल फायर बॅनच्या दिवशी लाकूड आणि कोळसा पूर्णपणे बंद असतो. बाहेर वापरण्यासाठी तयार केलेले गॅसचे किंवा विजेचे बार्बेक्यू मात्र चालते, तेही चारी बाजूंनी तीन मीटरपर्यंत जळण्याजोगे काही नसेल, जवळ पाण्याची नळी किंवा किमान दहा लिटर पाणी असेल आणि एक प्रौढ माणूस तेथून हलणार नसेल तरच. इतर राज्यांचे नियम वेगळे आहेत आणि राष्ट्रीय उद्यानांतले तळ आपापल्या अटी घालतात, म्हणून निघायच्या दिवशी सकाळी ते पाहूनच घ्यावेत. आम्ही सुट्टी घेऊन फिरायला निघतो तो काळ आणि आगबंदीचा काळ हा बहुतांशी एकच असतो, एवढे साधे गणित मला तीन सफरींनंतर उमगले.

लॉर्नमधले ते अर्धेकच्चे वांगे आईने न बोलता खाल्ले आणि मेलबर्नला परतल्यावर तिसऱ्या दिवशी ती माझ्याबरोबर दुकानात आली. विजेचे ग्रिल तिनेच आधी दाखवले, कारण त्यात ना गॅस ना कोळसा. ते दोन हजार वॅटचे होते. आमच्या व्हॅनची 12 व्होल्टची, 100 अँपिअर-तासांची साधी बॅटरी अर्धीच वापरायची असते, म्हणजे सुमारे 600 वॅट-तास. त्यावर ते ग्रिल अठरा मिनिटे चालले असते, आणि वांग्याला त्याहून जास्त वेळ लागतो. वीजजोडणीच्या जागी थांबलो तरच त्याचा उपयोग, आणि आम्ही तिथे थांबतो तीन रात्रींतून एखादी.

राहिली गॅसची झाकण असलेली छोटी ग्रिल. या देशात वेबर कंपनीचे ‘बेबी क्यू’ इतके रुजले आहे की कोणत्याही कॅरॅव्हॅन पार्कमध्ये, म्हणजे राहत्या गाड्यांच्या तळावर, संध्याकाळी चार तरी दिसतात, आणि अशा वेळी माझ्यातला मराठी माणूस ‘सगळे घेतात म्हणून आपण घ्यायचे का’ असे म्हणून अडून बसतो. म्हणून मी शेजारची दोन हलकी, पातळ पत्र्याची, घडीच्या पायांची ग्रिलही उघडून पाहिली. त्यांचे वजन निम्मे होते. पण झाकण बसवल्यावर कडेने बोट जाईल एवढी फट राहत होती, आणि या किनाऱ्यावर नैऋत्येकडून येणारा वारा अशी फट शोधूनच आत शिरतो. वाऱ्यात ग्रिल उघडे असेल तर आच कितीही मोठी करा, धग बाजूनेच निघून जाते. जड ओतीव झाकण घट्ट बसले की तीच ज्योत भट्टीसारखे काम करते. बिडाची जाळी तापायला वेळ घेते, पण तिच्यावर गार वांगे ठेवले तरी ती थंड पडत नाही. शेवटी ‘बेबी क्यू’च घेतले; बारा-तेरा किलोंचे ओझे मी या दोन गोष्टींसाठी पत्करले. जाळी अर्धी काढून त्या जागी सपाट तवा बसवता येतो, हे आईने हेरले. अर्धा भाग तिचा, अर्धा आमच्या मासळीचा, आणि शाकाहारी पदार्थ आधी, ही वाटणी तिने दुकानातच जाहीर केली.

गॅसच्या जोडणीत मी जवळजवळ पैसे वाया घालवणार होतो. आमच्या व्हॅनच्या बाहेरच्या अंगाला बार्बेक्यूसाठी एक जोडणी दिलेली आहे, पण तिच्यापर्यंत येणारा गॅस गाडीतल्या रेग्युलेटरने आधीच 2.75 किलोपास्कल एवढ्या कमी दाबावर आणलेला असतो. ग्रिलबरोबर येणाऱ्या नळीलाही स्वतःचा रेग्युलेटर असतो. दोन रेग्युलेटर एकामागे एक लावले तर ज्योत मेणबत्तीएवढी होते. रेग्युलेटर नसलेली नळी परवानाधारक गॅस कारागिराकडून बसवून घेणे किंवा वेगळा छोटा सिलिंडर बाळगणे असे दोन मार्ग होते. मी सिलिंडर निवडला, कारण मग ग्रिल गाडीला बांधलेले राहत नाही, वाऱ्याची दिशा पाहून हलवता येते. ताशी सुमारे नऊ मेगाज्यूल खाणारे हे ग्रिल चार किलोंच्या सिलिंडरवर पूर्ण आचेने वीस तासांहून अधिक चालते. त्या सगळ्या उन्हाळ्यात आम्ही तो एकदाच भरला. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने गळती झाली तर तो तळाशी साचतो, म्हणून सिलिंडर राहत्या जागेपासून बंद असलेल्या आणि तळाला बाहेर उघडणारे छिद्र असलेल्या कप्प्यात, उभाच ठेवतो. दर वेळी जोडल्यावर सांध्याला साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहण्याचे काम मुलीकडे आहे आणि ती ते अतिशय कडकपणे करते.

एका बाबतीत मात्र या ग्रिलने मला अजून दमवले आहे. जेवणानंतर ते गार व्हायला पाऊण तास लागतो, खालच्या ट्रेमध्ये चरबी साठते, आणि ती न काढता व्हॅन वळणावळणाच्या रस्त्याने नेली तर काय होते ते केनेट रिव्हरच्या पुढे एकदा पाहिले आहे. आता ट्रेमध्ये फॉइलचा डबा ठेवतो, तो रोज बदलतो आणि सगळे ग्रिल जुन्या सतरंजीत गुंडाळून मागच्या दारापाशी पट्ट्याने बांधतो. खरेदीच्या वेळी मोजपट्टी नेली होती, पण ती जाळीची लांबी मोजायला. झाकणासकट उंची मोजली असती तर पलंगाखालचा कप्पा अर्ध्या इंचाने चुकला नसता.

मार्चमध्ये, आई परत जाण्याच्या आदल्या आठवड्यात, आम्ही पोर्ट कॅम्पबेलला गेलो. आगबंदी नव्हती, वारा पडला होता. तिने वांगे जाळीवर ठेवून झाकण लावले आणि पंचवीस मिनिटांत तीन वेळाच उघडले. साल काळी होऊन सुटली, देठापाशी रस बुडबुडू लागला, आणि दुसऱ्या बाजूच्या तव्यावर थापलेली ज्वारीची भाकरी जाळीवर टाकताच टम्म फुगली. भरतात कांदा, मिरची, कोथिंबीर, दाण्याचे कूट पडले. आईने चिमूटभर चाखले आणि म्हणाली, "शिजलंय छान. पण गॅसवरचंच लागतंय." मग मित्राला परत द्यायच्या राहून गेलेल्या ब्रिकेट्सची पिशवी तिने मागितली, वास घेऊन नाकारली आणि मुलीला पार्कच्या दुकानात साध्या लाकडी कोळशासाठी पिटाळले. त्यातला सुपारीएवढा एक खडा तिने जाळीवर लाल होऊ दिला, वाटीत घालून भरताच्या मधोमध ठेवला, वर चमचाभर तूप सोडले आणि पातेल्यावर ताट झाकले.

कोळशाची ती पिशवी अजून ग्रिलशेजारी, सतरंजीच्या घडीत असते. गेल्या वर्षभरात तिच्यातले नऊ खडे संपले आहेत.